बारीक, मध्यम, भरड

आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. गॉलवेतली ती वसाहतच जोडघरांची, एकाचा जिना दुसऱ्याच्या जिन्याला पाठ लावून उभा. त्या भिंतीवर पलीकडून दोनदा ठकठक झाली की चहा तयार आहे असा अर्थ, आणि तीनदा झाली की फोन करायचा आहे असा. दोनला मी धावत जायचे आणि तीनला चप्पल शोधत. पण जायचे. लाटण्यानं भिंत ठोकणारी बाई म्हणजे मंगलताई, आणि त्यांना नाही म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं.

फोन त्यांचा, काम त्यांचं, बोलायचं मात्र मी. बॉयलरवाल्याला वेळ विचारायची, दातांच्या डॉक्टरची तारीख पुढे ढकलायची, ऋचाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, शाळेत ती आज येणार नाही म्हणून कळवायचं. मी बोलत असताना त्या शेजारी बसून मला कोपरानं ढोसायच्या. "विचार की, बुधवारी जमेल का. अगं विचार, तोंड दुखतंय का?" एकदा मी वैतागून म्हटलं, "तुम्हीच बोला ना. समोर तर फाडफाड बोलता." तर म्हणाल्या, "समोर हात दिसतात, रेवा. फोनवर हात दिसतात का?"

हे मात्र खरं होतं. मंगलताईंचं इंग्रजी अर्धं तोंडात आणि अर्धं हातांत होतं. नळ गळतोय हे सांगताना त्यांची बोटं अशी टपटपायची, की प्लंबर आधी त्यांच्या बोटांखाली बघायचा आणि मग नळाखाली. कसायाला खिमा किती बारीक हवा ते त्या अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून सांगत, आणि तो बिचारा मान डोलावून अगदी तसाच करून देई. बाकी बाई कशालाही घाबरत नव्हत्या. कॉनेमाराच्या रस्त्यावर एकदा चाळीसेक मेंढ्या गाडीपुढे फतकल मारून बसल्या होत्या. शरदराव, म्हणजे त्यांचे यजमान, गाडीच्या काचा वर करून म्हणाले, "समजा, अंगावर आल्या तर?" मंगलताई उतरल्या, ओढणी कमरेला खोचली आणि बार्शीच्या भाषेत असं काही हुर्र केलं, की आयरिश मेंढ्यांना त्यातलं अक्षरन् अक्षर कळलं.

"समजा" हा शरदरावांचा शब्द. ते आणि मी हृदयाच्या झडपा बनवणाऱ्या एकाच कंपनीत होतो. त्यांचं कामच होतं काय काय बिघडू शकतं याच्या याद्या करणं. दिवसभर समजा-समजा करून घरी आलेला माणूस जेवतानाही समजाच म्हणणार. त्यावर मंगलताईंचं उत्तर एकच: "आधी दळून तर बघू."

दळून तर बघू हे काही नुसतं म्हणायचं म्हणून नव्हतं. त्यांच्या वडिलांची बार्शीला गिरणी होती आणि ताईंचं सगळं लहानपण त्या गिरणीत गेलं. गिरणी चालू असताना आत कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे त्या घरात सगळे हातानं बोलायचे. अंगठा-तर्जनी चोळली की बारीक, तळहात आडवा हलवला की मध्यम, मूठ अर्धी उघडली की भरड. वडील रागावायचेसुद्धा हातानंच. "आमच्याकडे ओरडून काही उपयोगच नव्हता गं," ताई सांगायच्या. "दादा नुसतं बोट उचलायचे, आणि आम्ही सुतासारखे सरळ."

दादांचे दोन नियम त्यांच्या तोंडी कायम असत. पहिला, पट्ट्याकडे बघायचं नाही, पिठाकडे बघायचं. गिरणीचा तो मोठा पट्टा सपासप फिरत असतो, त्याच्याकडे बघत बसलं की हात चुकतो आणि मग खरंच काहीतरी होतं. दुसरा, दळण चालू असताना गिरणी बंद करायची नाही. कुणी येवो, कुणी जावो. अर्धवट दळण आत अडकलं की मशीन पुन्हा उचलत नाही. हा दुसरा नियम तर त्या इतका पाळायच्या, की एकदा मी बोट कापून रक्त टिपत त्यांच्या दारात उभी होते, तरी आधी किलोभर ज्वारी पुरी झाली आणि मग हळद आली.

कारण गिरणी इथेही होती. आयर्लंडला येताना लोक प्रेशर कुकर आणतात, फार तर पुरणयंत्र. मंगलताईंनी घरघंटी आणली होती, लाकडी कपाटासारखी, सहा जाळ्यांसकट, जहाजातून. "समजा, ओली झाली तर? समजा, इथली वीज तिला मानवली नाही तर?" शरदराव म्हणाले होते. ती ओली झाली नाही आणि वीजही मानवली. मागच्या अंगणातल्या शेडमधे, गवत कापायच्या मशीनच्या शेजारी ती नऊ वर्षं घरचं दळण दळत होती.

मग २०२० साल आलं. आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच, त्यापलीकडे जायचं नाही. माझं ऑफिस स्वयंपाकघराच्या टेबलावर आलं. भिंतीवर तीन ठोके पडले की मी घरात न जाता मागच्या कुंपणाशी जायचे आणि कुंपणावरून मोबाइल इकडे यायचा. दुकानांत लोकांनी आधी टॉयलेट पेपर संपवला आणि मग पीठ. अख्खा देश घरात बसून पाव भाजत होता. पिठाच्या फळीवर नुसती किमतीची चिठ्ठी शिल्लक.

समोर नोरा नावाच्या आजी राहायच्या. त्या सगळं आयुष्य रोज सकाळी ब्राउन ब्रेड करत आलेल्या. एके दिवशी फाटकापाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, की आमच्या प्रेसमधे चिमूटभरसुद्धा पीठ नाही. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मला तोवर कळलं होतं, नाहीतर पहिल्या महिन्यात मी इस्त्रीत काय काय शोधलं असतं कोण जाणे. मंगलताई म्हणाल्या, मी देते. ॲथनराय बाजूच्या एका शेतकऱ्याकडून त्यांनी गव्हाचं पोतं आणलेलं होतं. नोरा म्हणाल्या, "आह नो, आय'म ग्रँड."

मी आत वळले. ताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ग्रँड. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नोरा म्हणाल्या, बरं, अगदी थोडंसं. "नऊ वर्षांत एवढं शिकले बघ," ताई मला नंतर म्हणाल्या. "यांचं 'ग्रँड' म्हणजे आपल्या पाहुण्यांचं 'नको नको'. ताट पुढे केलेलंच असतं." मग शेडमधे जाऊन त्यांनी सगळ्यात मोठ्या भोकांची जाळी लावली, कारण नोराच्या पावाचा तुकडा त्यांनी कधीतरी खाल्ला होता आणि त्यातला कोंडा त्यांच्या जिभेला आठवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या फाटकावर टॉवेलात गुंडाळलेला गरम पाव. नोरांनी दुरूनच सांगितलं, की असं पीठ त्यांनी लहानपणी पाहिलं होतं आणि त्यानंतर आजच.

नोरांनी बहिणीला सांगितलं, बहिणीनं चर्चच्या गायकमंडळाला, आणि ताईंच्या फाटकापाशी रिकाम्या बरण्यांची रांग लागली. पीठ विकायचं म्हणून शरदरावांनी धंद्याच्या नोंदणीचे सगळे फॉर्म भरले. फॉर्म म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गणपतीच्या आधी आमच्या मराठी मंडळींनी मोदकांच्या पिठीसाठी धरणं धरलं. ताईंनी तांदूळ धुऊन, घरभर चादरी पसरून सावलीत वाळवले. तो आठवडाभर शरदराव भिंतीला चिकटून चालत होते.

ऑगस्टमधेच एक बातमी आली. गावाबाहेर छोट्या खाद्यउद्योगांसाठी भाड्यानं गाळे देणारं एक केंद्र होतं, आणि तिथला एक गाळा नव्या वर्षात रिकामा होणार होता. दगडाची, खरीखुरी गिरणी बसेल एवढा. ताई जाऊन बाहेरूनच तो बघून आल्या. आल्यावर अंगणात पावलांनी त्याची लांबी-रुंदी मोजून दाखवायला लागल्या, तेव्हा मी समजले, की बाईंचा जीव तिथेच राहिलाय. अर्ज गेला. उत्तर आलं: अर्ज आवडला, जानेवारीत मुलाखत घेऊ, सध्याच्या परिस्थितीमुळे फोनवर.

शरदरावांनी धोक्यांची यादी केली. आग, उंदीर, ओल, गव्हाचा तुटवडा, एकूण अठ्ठावीस कलमं. पहिल्या क्रमांकावर एकच शब्द होता, फोन. ताईंनी यादी वाचली आणि घडी करून डब्याखाली ठेवली.

ऋचा सोळा वर्षांची, जन्म पुण्याचा आणि उच्चार अस्सल गॉलवेचा. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत, आणि आईला इथल्या पोरांसारखं 'मॅम'. ती म्हणाली, "मॅम, आय'ल जस्ट से आय'म यू." शरदरावांना ते पटलं. समजा, कुणाला कळलंच नाही तर? ताई म्हणाल्या, "गिरणी माझी आणि आवाज हिचा? उद्या दगड झिजून त्याला टाकी लावायची वेळ आली की हिला शाळेतून बोलवायचं का?" विषय संपला.

त्या दिवशी कुंपणापाशी त्यांनी मला ते सांगितलं, जे एवढ्या वर्षांत घरात कुणालाही नीट सांगितलं नव्हतं. आयर्लंडमधला त्यांचा पहिला हिवाळा. शरदराव कामावर आणि ऋचाला सणकून ताप. ताईंनी दवाखान्यात फोन लावला. वाक्य कागदावर लिहून, तीनदा म्हणून बघून मग लावला. पलीकडची बाई म्हणाली, "सॉरी?" ताईंनी पुन्हा वाचलं. "सॉरी?" तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली. तिसऱ्या "सॉरी?"ला त्यांनी फोन ठेवला, पोरीला रेनकोटमधे गुंडाळलं आणि पावसातून पायी दवाखान्यात नेलं. "आणि गंमत सांगू का," ताई म्हणाल्या, "तिथे गेल्यावर तीच बाई इतकी गोड वागली. टॉवेल दिला, चहा दिला. वाईट असती तर मी चार शिव्या घालून विसरले असते. ती चांगली होती गं, म्हणून जास्त लागलं. म्हणजे चूक माझ्या आवाजातच होती ना?"

मी कुंपणावरून त्यांचा हात धरला, दोन मीटरचा नियम मोडून.

चार दिवसांनी त्या एक कार्ड घेऊन आल्या. वाण्याच्या दुकानात जाहिरातींचा फळा होता, त्यावर लावायला. त्यावर प्रथमच स्वतःचा नंबर घातला होता. "जानेवारीत एकदम कसा उचलेन? आत्तापासून हात बसायला पाहिजे," असं म्हणाल्या. कार्डावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत होतं: ग्राइंड्स. सगळ्या प्रकारचे. बारीक, मध्यम, भरड. घरी या. मला म्हणाल्या, "स्पेलिंग तेवढं बघ." मी इंजिनियर, परदेशात शिकलेली, इंग्रजीतून पगार घेणारी. मी चष्मा लावून पाहिलं आणि सांगितलं, "एकदम बरोबर." हे वाक्य मला अजून छळतं.

शाळा नुकत्याच पुन्हा उघडल्या होत्या. कार्ड लागलं त्या दिवशी दुपारपासून फोन वाजायला लागला. भिंतीतून मला ऐकू येत होतं. वाजायचा, वाजायचा आणि थांबायचा. ताई उचलत नव्हत्या. संध्याकाळी चारला तीन ठोके. एका घरातल्यांनी दुसऱ्या घरात जायला तेव्हा परवानगी होती, म्हणून मी आत गेले. टेबलावर मोबाइल आणि त्याच्यापासून हातभर लांब ताई. "नऊ आले," त्या म्हणाल्या. "एकही उचलला नाही. हात पुढे जातो आणि तिथेच राहतो. निरोप ठेवलेत, ऐकव."

मी पहिला निरोप लावला. एक बाई फार काळजीनं बोलत होत्या. माझा मुलगा फारच 'वीक' आहे, तुम्ही त्याला आठवड्यातून एकदा घ्याल का?

ताईंच्या चेहऱ्यावर एकदम माया दाटली. "अगंबाई, अशक्त आहे का? नाचणी देऊ या त्याला. सत्त्व काढून देते."

दुसरा निरोप. तुम्ही ऑनर्स करता का?

"हे कुठलं धान्य?" ताईंनी विचारलं. मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, असेल ओट्सचा प्रकार.

तिसऱ्या निरोपात कुणालातरी आयरिश हवं होतं, चौथ्यात रसायनशास्त्र. रसायनशास्त्रापाशी आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. तेवढ्यात ऋचा बिस्किटं शोधत खाली आली, दाराशी थबकली आणि तिनं कपाळाला हात लावला. "ओ माय गॉड, मॅम. ग्राइंड्स म्हणजे ट्युशन!" चार वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला मराठी शब्द, 'म्हणजे'. इथे शिकवणीला ग्राइंड्स म्हणतात. शाळेची शेवटची परीक्षा जवळ आली की आईबाप पोरांना ग्राइंड्सला घालतात. आणि मधे सहा महिने शाळा बंद राहिलेल्या गावात मंगलताईंनी जाहीर केलं होतं, की सगळ्या प्रकारचे ग्राइंड्स मिळतील, बारीक, मध्यम, भरड.

मी शरमेनं अर्धी झाले होते. ताईंचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता खुर्चीवरून घसरून खाली बसल्या, पदर नसताना डोळ्याला पदर लावायला गेल्या, पुन्हा हसल्या. "पोरगं अभ्यासात कच्चं आणि मी त्याला नाचणी पाजत होते," असं म्हणून आणखी हसल्या. शरदराव जिन्यावरून विचारत होते, काय झालं, काय झालं. त्यांच्या अठ्ठावीस कलमांत हे एक नव्हतं.

हसून झाल्यावर मी म्हटलं, "ताई, मी करते सगळ्यांना फोन, माझ्यामुळे झालं." त्या उठल्या, कपडे झटकले. "कार्ड कुणी लिहिलं? मी. मग चुकलेल्यानं फोन करायचा. त्या बिचाऱ्या आया पोरांसाठी वाट बघत असतील."

त्यांनी पिठाचा डबा ओढला, मोबाइल त्याला टेकवून उभा केला आणि मला म्हणाल्या, "ते मोठ्यानं ऐकू येण्याचं बटण दाब." मी स्पीकर लावला. आता त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. डब्याचं झाकण काढून त्यांनी चिमूटभर पीठ घेतलं आणि अंगठ्यानं चोळत पहिला नंबर लावायला सांगितला, त्या 'वीक' मुलाच्या आईचा.

पलीकडून हॅलो आलं. ताई म्हणाल्या, "हॅलो, आय अ‍ॅम मंगल, फ्रॉम ग्राइंड्स."

"सॉरी?" पलीकडची बाई म्हणाली.

ताईंचे हात हवेत होते तिथेच थांबले. त्यांनी पुन्हा सांगितलं, थोडं हळू.

"सॉरी?"

चिमटीतलं पीठ टेबलावर सांडलं. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. मी फोनकडे हात नेला, तर त्यांनी पिठाचा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि दाबून धरला. डोळे मात्र डब्यावर. मग एक श्वास घेऊन म्हणाल्या, "आय अ‍ॅम ऑल्सो सॉरी. यू वॉन्ट टीचर. आय हॅव ओन्ली फ्लार. फ्लार, फॉर ब्रेड. माय कार्ड इज राँग." आणि हे म्हणताना त्यांचा दुसरा हात, कुणाला दिसत नसताना, हवेत भाकरी थापत होता.

मग त्या बाईंना असं हसू फुटलं, की फोन डब्यावरून घसरला. हसता हसता त्या कुणाला तरी हाका मारून सांगत होत्या, अरे ऐक, ते पीठ आहे, पीठ. आणि मग परत फोनवर येऊन म्हणाल्या, "टेल मी, हॅव यू द कोर्स?"

"भरड," ताई माझ्याकडे बघून पुटपुटल्या. मूठ अर्धी उघडून त्यांनी मला दाखवली. "भरड मागतेय गं."

नऊच्या नऊ फोन त्यांनी त्या संध्याकाळी केले. तिसऱ्यापासून मी नुसती चहा पीत बसले होते. सातव्या फोनला तर त्या ही गोष्ट रंगवून सांगायला लागल्या होत्या. नऊपैकी पाच घरं पुढे त्यांची गिऱ्हाइकं झाली, आणि गणितात कच्च्या निघालेल्या त्या 'वीक' मुलाला शरदराव दर शनिवारी गणित शिकवायला लागले. म्हणजे ग्राइंड्सही झालेच. मी म्हटलं, कार्ड आता बदलू या. ताई म्हणाल्या, "बदलायचं कशाला? बरोबर लिहिलं असतं तर कुणी फोन केला असता का?"

मुलाखतीच्या वेळी पुन्हा सगळं कडक बंद होतं. कुणी कुणाच्या घरात जायचं नाही. गुरुवारी सकाळी अकराला फोन येणार होता. मी कंपनीची मीटिंग चालू ठेवून, आवाज बंद करून, जिन्यात भिंतीला कान लावून बसले. शब्द कळत नव्हते, नुसता सूर यायचा. ताईंचा आवाज सुरू झाला आणि मधेच तुटला. मग पुन्हा सुरू झाला, हळू, एका लयीत, आणि तो चालूच राहिला. मधे एकदा टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला, तेव्हा मी ओळखलं, की दगडाला टाकी कशी लावतात ते सांगणं चाललंय. शेवटी शेवटी हसणं ऐकू आलं.

मग फोन संपला. मी ठोक्यांची वाट बघत होते. दोन पडतात का तीन, हा विचार करत होते. पडले ते मोजताच येईनात. लाटणं ढोल वाजवल्यासारखं भिंतीवर बडवत होतं. मी माझ्या बाजूनं चपलेनं उत्तर दिलं. कंपनीच्या मीटिंगमधे कुणीतरी मला विचारत होतं, की सगळं ठीक आहे ना.

गाळा मिळाला. उन्हाळ्यात दगड आले, ते बसवताना ताई तीन मिस्त्रींच्या मधे उभं राहून हातवारे करत होत्या आणि ते तिघे चौकातल्या पोलिसाकडे बघावं तसे त्यांच्या हातांकडे बघत होते. दारावर पाटी लागली, 'मंगल्स ग्राइंड्स'. पाटीखाली बारीक अक्षरांत, शरदरावांच्या आग्रहानं: येथे शिकवणी मिळत नाही. पहिलं दळण नोरांचं. त्या घरून खुर्ची घेऊन आल्या होत्या आणि भाजीवाल्याकडे बघावं तशा संशयानं दगडाकडे बघत बसल्या होत्या. पीठ चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "ग्रँड." हे ग्रँड नको नको मधलं नव्हतं.

त्याच वर्षी शरद ऋतूत मला वॉटरफोर्डच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली, तिथली यंत्रं सांभाळायची. मोठी नोकरी, म्हणून घ्यायला मी घाबरत होते. ताई म्हणाल्या, "आधी दळून तर बघ." निघताना त्यांनी थालीपिठाच्या भाजणीचा डबा दिला आणि दारात उभ्या राहिल्या. मी गाडी वळवली तेव्हा त्यांचा हात हवेत आडवा हलत होता. टाटा होता की मध्यम, ते मला कळलं नाही.

वॉटरफोर्डमधे माझ्या भिंतीपलीकडे कुणी ठोकत नव्हतं. पहिले तीन आठवडे मी भाजणी खाल्ली आणि कुणाशी मराठी बोलले नाही. कामावर एका मोठ्या डॉक्टरांसमोर मला एक साधी गोष्ट सांगता येईना. त्यांनी दोनदा "सॉरी?" म्हटलं आणि तिसऱ्यांदा मी गप्पच बसले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत जाऊन बसले आणि गिरणीच्या नव्या नंबरवर फोन लावला. ठरवलं होतं, इंग्रजीतच बोलायचं, आवाज बदलून भरड पिठाची ऑर्डर द्यायची आणि ताईंची फजिती करायची.

दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला. मागे गिरणीची घरघर. "हॅलो, मंगल्स ग्राइंड्स, हाऊ आर यू गेटिंग ऑन?"

तो आवाज ऐकला आणि ठरवलेलं इंग्रजी वाक्य पार निसटलं. तोंड उघडलं तर नुसता हुंदकाच आला.

"सॉरी?" ताई म्हणाल्या.

मी काहीतरी घुसमटलेलं बोलले. मलाच ते कळलं नाही.

"सॉरी?" पुन्हा एकदा. मग जरा थांबून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "लिसन, लव्ह. डोन्ट पुट डाऊन द फोन. आय वॉज ऑल्सो लाइक धिस ओन्ली. टेक युअर टाइम. आय अ‍ॅम हिअर."

समोर नसूनही मला त्यांचा हात दिसत होता, हवेत, सावकाश म्हणणारा. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "ताई, मी रेवा."

पलीकडे गिरणीचा आवाज मंद होत गेला आणि थांबला. दळण अजून संपलं नव्हतं, दगडात दाणे भरडत असल्याचं मला नीट ऐकू आलं होतं. ताईंनी अर्ध्यात गिरणी बंद केली होती.

"बोल गं," त्या म्हणाल्या.